हाताळलेल्या प्रती

जालन्यात भंगाराला भाव आहे. रोलिंग मिल्स आणि भट्ट्या इथे इतक्या, की बाहेरून ट्रकच्या ट्रक भंगार एमआयडीसीत येऊन पडतं, आणि त्याच्या आधाराने गावोगाव माल गोळा करणाऱ्यांची साखळी उभी राहिली आहे. या साखळीचा माझ्या जुनी कॉमिक्स आणि मुलांची मासिकं जमवण्याच्या छंदाशी थेट संबंध आहे. घर पाडलं, वाटणी झाली, म्हातारं माणूस गेलं, की घरातली पत्र्याची ट्रंक भंगारवाल्याकडे जाते. त्याला हवा असतो पत्रा. आतला कागद तो बाजूला ओततो. त्या ढिगात लग्नपत्रिका, शेतसाऱ्याच्या पावत्या, पंचांगं, मॅट्रिकची गाइडं असतात, आणि अधूनमधून एखादा ‘चांदोबा’, एखादं ‘इंद्रजाल’. माझ्याकडचा निम्म्याहून जास्त माल असा लोखंडाच्या मागून आलेला आहे.

मी बियाण्यांच्या कंपनीत नोकरी केली. काम प्लॉट तपासणीचं. बीजोत्पादन घेणाऱ्या शेतकऱ्याच्या रानात जायचं, नर-मादीच्या ओळी बरोबर आहेत का, शेजारच्या पिकापासून अंतर ठेवलंय का, भेसळीची झाडं उपटली का, हे बघायचं आणि फॉर्म भरायचा. त्या निमित्ताने जाफराबाद, भोकरदन, मंठा, परतूर, घनसावंगी असा सगळा जिल्हा मोटारसायकलवर पालथा घातला. प्लॉट बघून झाला की शेतकरी चहाला घरी नेणारच. माळवदाच्या घरात बसलं की फडताळात काय अंथरलंय, कोनाड्यात काय खोचलंय, मुलांच्या वह्यांना कव्हर कशाचं आहे, इकडे माझी नजर जायची. ही सवय लागली ती १९९० नंतर. त्या वर्षी इंद्रजाल कॉमिक्स बंद पडलं. जोवर दर आठवड्याला नवा अंक स्टॉलवर येत होता तोवर जुन्याची कुणाला फिकीर नव्हती, मलाही नव्हती. नवा येईनासा झाल्यावर जुना शोधू लागलो.

ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालं. काढलं टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमन कंपनीने. पहिला अंक वेताळाचा. ली फॉकने अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी १९३६ मध्ये उभा केलेला हा बुरखाधारी, आणि त्याच्याही दोन वर्षं आधीचा त्याचाच जादूगार मँड्रेक. इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतही अंक निघत, त्यामुळे डेंकालीच्या जंगलातली कवटीची गुहा आमच्याकडच्या पोरांना तोंडपाठ. सुरुवातीला महिन्याला एक अंक होता, मग पंधरवड्याला, आणि १९८१ पासून दर आठवड्याला. सुरुवातीच्या वर्षांतली मुखपृष्ठं बी. गोविंद यांच्या हातची आहेत. आतली चित्रं परदेशी पट्ट्यांवरून घेतलेली, पण मुखपृष्ठ इथल्या माणसाने रंगवलेलं, त्यामुळे वेताळाच्या जांभळ्या अंगावरचा उजेड कसा आपल्याकडच्या सिनेमाच्या पोस्टरवरचा वाटतो. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, केशरी कुर्ता आणि जीन्स घातलेला, आणि चंबळच्या डाकूंशी भिडणारा. इंद्रजालच्या उभारणीत असलेले अनंत पै तिथून बाहेर पडले आणि १९६७ मध्ये त्यांनी अमर चित्र कथा सुरू केली, तीही पुढे मराठीत आली. राम वाईरकर आणि प्रताप मुळीक हे तिचे दोन मोठे चित्रकार मराठी, हे आजही कित्येक वाचकांना माहीत नसतं.

आमच्या लहानपणी कॉमिक्स विकत घेणारं पोरगं वर्गात एखादंच असायचं. बाकीच्यांचं वाचन भाड्यावर. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतली थोराड पोरं ओट्यावर दोन खिळ्यांमध्ये सुतळी ताणायची आणि त्यावर अंक मधोमध उघडून टांगायची. ओट्यावर बसून वाचायचे दहा पैसे, घरी न्यायचे चार आणे, उशीर केला तर वर आणखी दहा पैसे. एकाने घेतलेल्या अंकात दुसरा डोकावत नाही ना, यावर मालकाची नजर. डोकावणाऱ्याकडून पाच पैसे वसूल करणारा एक महाभाग आमच्याकडे होता. तो पुढे सावकारी न करता मास्तर झाला याचं मला अजून नवल वाटतं.

या भाड्याच्या धंद्यामुळे एकेक अंक किती हातांतून गेला असेल याचा हिशोब लागत नाही. आधी मुखपृष्ठ सुटायचं. मग मालक ते खळ लावून चिकटवायचा. कणकेच्या खळीवर झुरळं यायची आणि नेमकी चिकटवलेली पट्टीच खाऊन टाकायची. अगदीच चोथा झाला की मुखपृष्ठ गणिताच्या वहीवर चढायचं आणि आतली पानं वाण्याकडे पुड्यांना. म्हणूनच साठ-सत्तरच्या दशकांतले मराठी अंक दुर्मीळ आहेत. छापलेच कमी म्हणून ते कमी उरले असं म्हणतात. मला विचाराल तर ते वाचून संपले.

सुरुवातीला माझाही ओढा स्वच्छ प्रतींकडे होता. या छंदातल्या माणसाचा फोन आला की नमस्कारानंतर दुसरा प्रश्न ‘कंडिशन काय आहे?’ हाच. कोपरे शाबूत हवेत, पिना मूळच्या हव्यात, कुणाचं नाव लिहिलेलं नको, लायब्ररीचा शिक्का नको. मागच्या पानावरच्या पॉपिन्सच्या जाहिरातीत राम आणि श्यामच्या चित्रांना कुणी मिशा काढलेल्या असल्या तर निम्मा भाव गेला. पुण्या-मुंबईच्या बाजारात हीच मोजपट्टी चालते आणि मीही तीच लावून निवड करायचो. नाव लिहिलेल्या प्रती मी पुड्या बांधणाऱ्याला तशाच सोडून देत असे.

हे बदललं ते अंबड तालुक्यातल्या एका गावात. पडलेल्या वाड्याच्या सामानात १९७२ च्या डिसेंबरचा ‘चांदोबा’ मिळाला. मुखपृष्ठ अर्धं, शेवटची दोन पानं नाहीत. बाजारात त्याला कुणी हात लावला नसता. विक्रम-वेताळाच्या गोष्टीचं पान उघडलं तर डाव्या समासात वरून खाली शिसपेन्सिलीने पाच नावं लिहिलेली, आणि प्रत्येकापुढे उभ्या रेघा. चार रेघा आणि पाचवी आडवी, असे गठ्ठे. दोन नावांपुढे मध्येच रेघा थांबलेल्या. खाली ‘खडी’ आणि ‘माती’ अशी दोन सदरं. दुष्काळी कामावरची हजेरी होती ती. त्या साली मराठवाड्यात रान करपलं होतं, लोक रस्त्याच्या आणि पाझर तलावाच्या कामांवर खडी फोडत होते. मुकादमाच्या हजेरीपटावर भरवसा नको म्हणून घरातल्या शिकणाऱ्या पोराने आपला हिशोब वेगळा ठेवला असणार, आणि घरात कोरी जागा असलेला कागद एवढाच. समासातल्या रेघा राजा विक्रमाच्या खांद्यावरच्या प्रेतापर्यंत येऊन थबकल्या आहेत, चित्रावर एकही चढलेली नाही. पोराने चित्र सांभाळलं.

तो अंक मी विकत घेतला तेव्हा घरातली बाई म्हणाली, “भाऊ, फाटकं कशाला नेता? चांगलं दाखवते की.” चांगलं म्हणजे तिच्या दृष्टीने नवं कॅलेंडर. त्या दिवसापासून मी प्रती निवडायचं सोडून दिलं. नाव असलेली, शिक्क्याची, मिशा काढलेली, सगळी घेऊ लागलो. आमच्या संग्राहक मंडळातले जाणकार हसले. एक म्हणाले, “तुम्ही कॉमिक्स गोळा करता की रद्दी?” त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण जागा दोन्हींनाही तेवढीच लागते.

‘चांदोबा’बद्दल मात्र सावकाश सांगायला हवं. तो मूळचा मद्रासचा. नागिरेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये ‘चंदामामा’ सुरू केला आणि मराठी ‘चांदोबा’ १९५२ मध्ये आला. ते साल जालन्याच्या दृष्टीने विशेष आहे. तेव्हा आम्ही महाराष्ट्रात नव्हतो. जालना हैदराबाद राज्यातल्या औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. निजामाची राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली होती, पण शाळांवरचा तिचा ठसा एका दिवसात कसा पुसला जाणार? एका निवृत्त गुरुजींकडे मी जुन्या प्रतींसाठी गेलो होतो. त्यांचं वरचं शिक्षण उर्दूतून झालेलं. मराठी घरात बोलायचे, पण छापील मराठी झरझर वाचायची सवय नव्हती. ते म्हणाले, “नोकरी लागली मराठी शाळेत. मुलांसमोर अडखळायला नको म्हणून रात्री कंदिलाजवळ चांदोबा मोठ्याने वाचायचो. बायको म्हणायची, गोष्टी पोरांना सांगायच्या सोडून भिंतीला काय सांगता.” त्यांच्या प्रतींत अवघड जोडाक्षरांच्या खाली उर्दू लिपीत बारीक उच्चार लिहिलेले आहेत. गुरुजींनी त्या मला दिल्या नाहीत. बघू दिल्या, फोटो काढू दिले, चहा दिला. संग्राहकाला ‘नाही’ पचवता आलं पाहिजे हे मी त्या घरात शिकलो, आणि मग हळूहळू असंही वाटू लागलं की काही वस्तू आहेत तिथेच बऱ्या.

चांदोबाचा आणखी एक धागा आमच्या रेल्वेने जोडून दिला. जालना मनमाड–सिकंदराबाद लाइनवर. रूळ मीटरगेज होते तेव्हापासून तिकडची वर्दळ इकडे, आणि गावात तेलुगू बोलणारी जुनी घरंही आहेत. अशाच एका घरातून मला तेलुगू ‘चंदामामा’चे काही अंक मिळाले. अक्षर एकही वाचता येईना. पण त्यातल्या एका महिन्याचा मराठी अंक माझ्याकडे होता. दोन्ही शेजारी ठेवले आणि पान पान उलटत गेलो. तोच राजवाडा, तीच राक्षसीण, पिंपळाखाली तोच म्हातारा, चौकटीची जागासुद्धा तीच. मद्रासला चित्रं एकदा तयार व्हायची आणि मजकूर बदलून वेगवेगळ्या भाषांत जायची, हे ऐकून माहीत होतं. डोळ्यांनी बघितल्यावर मात्र लहानपणचं एक कोडं सुटलं. चांदोबातल्या बायकांची लुगडी आमच्या आजीसारखी का नसायची, देवळांची शिखरं एवढी उंच का असायची, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही लहानपणभर दक्षिणेतली गावं बघत होतो आणि त्यांना गोष्टीतलं गाव समजत होतो.

विक्रम-वेताळाचं ते सुप्रसिद्ध चित्र काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० मध्ये वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ज्या चित्रकाराचं काम कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांत बसलंय त्याचं नावही बहुतेकांना ठाऊक नव्हतं. ते गेल्याची बातमी आली त्या दिवशी आमच्या मंडळात फोनवर फोन झाले. एकाने सुचवलं की शोकसभा घेऊ. कुठे घ्यायची, कुणासमोर घ्यायची यावर चर्चा होऊन शेवटी चार जण एका मेडिकल दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो आणि प्रत्येकाने आपल्याकडचा सर्वांत जुना अंक आणून मधे ठेवला. भाषणं झाली नाहीत. भजी झाली.

आमचं मंडळ म्हणजे एवढंच. नाव नाही, नोंदणी नाही. एक औषधविक्रेते, एक एसटीचे निवृत्त चालक (ते आता नाहीत), सराफ्यातला एक कारागीर, कॉलेजातले एक प्राध्यापक आणि मी. बाहेरगावची माणसं वेगळी. पूर्वी त्यांच्याशी पत्रांनी आणि एसटीच्या पार्सलने व्यवहार चाले. नांदेडच्या माणसाने तीन वेताळ पाठवायचे, मी दोन मँड्रेक आणि एक फ्लॅश गॉर्डन. जादाचे अंक द्यायचे, नसलेले घ्यायचे. पैशाचा संबंध फक्त पार्सलच्या पावतीपुरता. या व्यवहाराची गंमत अशी की समोरच्याचा चेहरा माहीत नसतो, पण त्याचा बांधणीचा हात ओळखू येतो. एकाची सुतळी नेहमी दोन फेऱ्यांची, एक जण अंकांच्या मधे वर्तमानपत्राचं घडी केलेलं पान घालणार. त्या पानावरच्या बातम्या वाचत बसण्यात माझा तासभर जायचा, हेही कबूल केलं पाहिजे.

रद्दीवाल्यांशी नातं जपावं लागतं. जुन्या जालन्यातले एक चाचा मला वर्षानुवर्षं माल काढून ठेवत. दुकानावरून गेलो की हाक मारायचे, “साब, तुमारे भूतां के किताबां आये.” त्यांच्या लेखी वेताळ, मँड्रेक, चांदोबा सगळी भुतंच. एकदा त्यांनी गल्ल्याखालून एक गठ्ठा काढला आणि म्हणाले की हा विकायचा नाही, फक्त बघा. ‘खिलौना’ होता, दिल्लीहून निघणारं उर्दूतलं मुलांचं मासिक. त्यांच्या लहानपणीचे अंक. आयुष्यभर दुसऱ्यांचा कागद तराजूत घालणाऱ्या माणसाने एवढा एक गठ्ठा तराजूला लागू दिला नव्हता. ते गेल्यावर दुकान मुलगा बघतो. मुलगा हुशार आहे. जुना अंक दिसला की आधी मोबाइल काढतो, इंग्रजी इंद्रजाल कितीला जातंय ते बघतो आणि तोच भाव मराठीला लावतो. मी त्याच्याशी घासाघीस करत नाही. पूर्वी आम्हाला किलोच्या भावाने मिळत होतं ते आमच्या शहाणपणामुळे नव्हे, समोरच्याला किंमत माहीत नव्हती म्हणून.

भाव वाढले तशी लबाडीही आली. बाहेरच्या एका माणसाचा फोन आला. इंद्रजालचे १ ते १५० सलग अंक आहेत, आगाऊ अर्धे पैसे पाठवा. मी म्हटलं, घेतो, फक्त १२३ आणि १२४ यांचा फोटो पाठवा. तो म्हणाला, दोन दिवसांत पाठवतो. हे दोन अंक छापलेच गेले नव्हते. संपामुळे ते क्रमांक गळले आणि गाडी १२२ वरून एकदम १२५ वर गेली. इंद्रजालचे एकूण ८०३ अंक निघाले असं सांगतात त्यात ही दोनाची तूट धरलेली असते. फोटो अर्थातच आला नाही. ही खूण आम्ही आता नव्या माणसांना सर्वांत आधी शिकवतो.

अंक टिकवण्याबाबत पुष्कळ सल्ले मिळतात, त्यांतले बरेचसे दमट हवेतल्या लोकांनी दिलेले. मुंबईहून आलेल्या प्रतींना बुरशीचा वास असतो, पानावर ठिपके असतात, पण कागद अजून लवतो. आमच्याकडे बुरशी नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की वर्तमानपत्री कागद पापडासारखा मोडतो. प्लॅस्टिकच्या पिशव्या उन्हाळ्यात मुखपृष्ठाच्या शाईला चिकटतात, म्हणून मी त्या काढून टाकल्या आणि साध्या जुन्या सुती धोतराचे तुकडे घातले. वेखंड आणि कडुनिंबाचा पाला कसरीला रोखतो. वाळवीला काहीच रोखत नाही. ट्रंक जमिनीपासून आणि भिंतीपासून लांब ठेवणे आणि महिन्याला उघडून बघणे, एवढं हातात असतं.

पिनांचं काम सर्वांत नाजूक. स्कॅन करायचा तर अंक सपाट उघडावा लागतो, आणि गंजलेली पिन घाईने ओढली की मधलं पान गेलंच. मी आधी मधली पानं उघडून पिनेचे वळलेले पाय बोथट चाकूने उभे करतो, मग अंक पालथा घालून पाठीकडून चिमट्याने पिन बाहेर घेतो. गंजाचा तांबडा डाग कागदात राहतो. तो पुसायच्या फंदात पडत नाही, कागद विरतो. स्कॅन झाला की त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आतल्या बाजूला गाठ मारायची. मूळच्या पिना गेल्या म्हणजे बाजारात त्या प्रतीची पत गेली. आमच्यातले सराफ कारागीर यावरून माझ्याशी आजही भांडतात. दागिन्याचा मूळ टाका कोणी काढतं का, असं विचारतात. मी म्हणतो, दागिना अंगावर घालायचा नसेल तर राहू द्या टाका.

स्कॅन करून वाटण्याबाबत कायदा आमच्या बाजूचा नाही, हे मला ठाऊक आहे. वेताळाचे हक्क परदेशी कंपनीचे आहेत, इंद्रजाल ज्यांनी छापलं त्यांचेही काही असतील. आम्ही पैसे घेत नाही, जाहीर ठेवत नाही, ओळखीतल्या ओळखीत देतो. एवढ्याने ते कायदेशीर होत नाही. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा मराठी अंक कुणी पुन्हा छापणार नाही आणि कागद तर दर उन्हाळ्याला थोडा थोडा संपतोय. ‘किशोर’चं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. बालभारतीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या या मासिकाचे जुने अंक तिने स्वतःच इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट खुले केले. एका सरकारी संस्थेला जे सुचलं आणि जमलं, ते बाकीच्यांना जमलं असतं तर आमच्यासारख्यांना चोरट्यासारखं वागावं लागलं नसतं. ‘चांदोबा’ची मालकी २००७ मध्ये बदलली आणि काही वर्षांत तो थांबलाच. आमच्याकडच्या जुन्या प्रती आता नुसत्या आठवणीपुरत्या राहिल्या नाहीत.

मूळ प्रती मी शाळांतही नेतो. परतूरकडच्या एका शाळेत सातवीच्या वर्गात वेताळाचे अंक जमिनीवर मांडले होते. पोरांनी आधी रंगांना नावं ठेवली, मग वाचायला बसली. अर्ध्या तासाने एका मुलीने हात वर केला. “काका, हे चारशे वर्षं जंगलात राहतात. बापामागून मुलगा वेताळ होतो. मग त्या जंगलातल्या माणसांपैकी कुणीच कधी वेताळ का होत नाही?” मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिच्या वयाचा असताना तोच अंक वाचला होता. आम्हाला वेताळाची अंगठी हवी होती, त्याचा लांडगा हवा होता. गोऱ्या माणसाने आफ्रिकेसारख्या दिसणाऱ्या मुलखावर राखण करायची आणि तिथल्यांनी त्याला अमर समजून हात जोडायचे, यात काही खटकण्यासारखं आहे हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. इंग्रज जाऊन फार वर्षं झाली नव्हती तरी. तेव्हापासून शाळेत अंक मांडताना हा प्रश्न मीच आधी विचारतो. पोरांची उत्तरं ऐकण्यासारखी असतात. वेताळ माझा अजून लाडका आहे, पण आता त्याच्याशी माझं पूर्वीसारखं सरळ राहिलेलं नाही.

आमच्यातले एसटीचे चालक गेले ते करोनाच्या आधी. ड्युटीवर असताना मुक्कामाच्या गावी अंक शोधायचे, जिंतूर, लोणार, सिल्लोड, जिथे गाडी थांबेल तिथे. त्यांच्याकडे यादीची एक लांब वही होती. अंक, क्रमांक, कुठे मिळाला, आणि शेवटचं सदर ‘कुणाकडे’. देण्याच्या बाबतीत त्यांचा हात सैल. कंडक्टरच्या पोराला, डेपोच्या कॅन्टीनवाल्याला, प्रवासात ओळख झालेल्या मास्तरणीला, कुणालाही वाचायला देत. आम्ही त्यांना नावं ठेवायचो. तेराव्याच्या दिवशी आम्ही घरी गेलो तर दारात दोघे-तिघे पिशव्या घेऊन उभे. साहेबांचे अंक परत द्यायचे होते म्हणाले. पुढचे काही आठवडे तसे लोक येत राहिले. कुणी सहा आणले, कुणी एकच. एका पिशवीत असे दोन चांदोबा निघाले की जे वहीत नव्हतेच. आणणारा म्हणाला, त्यांचे हरवले, म्हणून त्याच काळातले दुसरे शोधून आणलेत. सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. वहीतल्या बऱ्याच ओळी अजून उघड्या आहेत, आणि त्यांतल्या काही नावांना मी ओळखतो. पण त्यांच्या पत्नीला नवऱ्याच्या छंदाचा अर्थ त्या पिशव्यांमुळे कळला. तोवर तिच्या लेखी ती सज्ज्यावरची अडगळ होती. रद्दीत द्यायचं तिने रद्द केलं आणि आम्हाला बोलावून म्हणाली, “त्यांनी जसं दिलं तसंच द्या. पण वहीत लिहा.”

त्यांची वही आता माझ्याकडे आहे आणि मीही तशीच ठेवतो. माझे नियम दोनच. एका वेळी तीनाहून जास्त अंक नाहीत, आणि दुरुस्ती करायची नाही. सेलोटेप लावून अंक परत करणाऱ्या भल्या माणसांनी जेवढं नुकसान केलंय तेवढं उंदरांनी केलेलं नाही.

माझ्या माघारी या सगळ्याचं काय, हा विषय घरात निघतो. मुलगा पुण्यात, त्याला यात रस नाही, आणि त्याने तो दाखवावा असं मला वाटतही नाही. प्राध्यापकांचं म्हणणं, सगळं एकत्र एखाद्या विद्यापीठाला किंवा मोठ्या ग्रंथालयाला द्यावं. जपलं जाईल, अभ्यासकांना मिळेल, पसरलं तर कुणालाच काही मिळणार नाही. त्यांचा मुद्दा खोडता येत नाही. १९७२ चा तो हजेरीचा अंक एखाद्या अभ्यासकाच्या हाती पडायलाच हवा. पण कुलूपबंद कपाटात गेलेले संग्रह मी पाहिलेत. बघायला अर्ज करावा लागतो, आणि अर्ज ज्याच्याकडे द्यायचा तो रजेवर असतो. माझं मत, लिहिलेल्या-खुणांच्या प्रती ग्रंथालयाला द्याव्यात आणि बाकीच्या तालुक्यातालुक्याच्या शाळांना, फाटतील त्या फाटतील. ते म्हणतात, मग तुम्ही एवढी वर्षं शिवत कशाला बसलात? वाद मिटलेला नाही. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की आधी पूर्ण यादी हवी, प्रत्येक प्रतीवर कोणाचं नाव, कुठला शिक्का, समासात काय लिहिलंय त्यासकट. रविवारी दुपारी ते सांगतात, मी लिहितो. सध्या चांदोबाच्या १९६८ पर्यंत आलो आहोत.